कापडच आहे, वाघ नाही

मास्तरांची जीभ त्यांच्या कातरीपेक्षा धारदार, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि मास्तरांना त्यात आपलं कौतुकच वाटायचं. कोट शिवावा तर त्यांनीच; खांद्याला सुरकुती पडेल तर शपथ. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, मागे खिडकीपाशी बायकोची खुर्ची. काजं, अस्तर, हातशिलाई सगळं तिच्याकडे.

तिला एक सवय होती. काम करताना ती स्वतःशी बोलायची, तेही चांगलं ऐकू येईल असं. दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला की, "वा गं वा, नजर शाबूत आहे!" कॉलर नीट बसली की, "जमलं की बाई तुला." उतू जायच्या आत दूध उतरवलं तरी स्वतःला शाबासकी.

एकदा एका डॉक्टरांचा लोकरी कोट इस्त्रीखाली करपला. मास्तर पांढरेफटक पडले. तिने कोट मांडीवर घेतला आणि ती स्वतःलाच म्हणाली, "घाबरू नकोस. कापडच आहे, वाघ नाही. होईल." आतल्या शिवणीतले धागे काढून तिने असा काही रफू केला की डॉक्टरांना पत्ताही लागला नाही. मास्तरांनी कोट नुसता घडी करून पिशवीत घातला. कौतुकाला हात आखडता, टोमण्यांना मात्र सढळ, असा त्यांचा स्वभाव.

मग तो दिवस आला. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. तिचं काज पुरं झालं आणि सवयीने तोंडून निघालं, "सुरेख झालं हं."

"वहिनी कोणाशी बोलताहेत?" एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं.

मास्तर टेपवरची नजर न काढता म्हणाले, "स्वतःचीच पाठ थोपटतेय. हात पुरतो तिचा, काय करणार!"

दुकान खो खो हसलं. तीही हसली थोडी. मान मात्र लाल झाली. भांडण नाही, रुसवा नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खुर्चीकडून फक्त सुईचा आवाज येऊ लागला.

सुरुवातीला मास्तरांना ती शांतता आवडली. हळूहळू बायको विचारायला लागली, "अहो, हे बरं दिसतंय ना?" मास्तर "ठीक आहे" म्हणायचे, आणि ती चांगलं झालेलं काम उसवून पुन्हा करायची. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा लहान मुलांचे कपडे शिवायचं तिचं स्वतंत्र दुकान काढायचं ठरत आलं होतं. फ्रॉकची चित्रंही काढून झाली होती. ऐन वेळी ती म्हणाली, "नको. मला नाही झेपायचं." बरं झालं, कटकट वाचली, असं मास्तरांना वाटलं. गाळा औषधवाल्याने घेतला.

वर्षं गेली. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. एकदा सुट्टीत आली असताना दुपारी दुकानात चहा पिता पिता ती आईकडे बघत राहिली.

"बाबा, लहानपणी मला वाटायचं, आईच्या आत एक मैत्रीण राहते," ती हळूच म्हणाली. "परीक्षेला जाताना मीसुद्धा तसंच स्वतःशी बोलायचे. ती मैत्रीण कुठे गेली हो?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. नेमका दिवस, नेमकं वाक्य, सगळं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

मुलगी परत गेल्यावर त्यांनी कसाबसा विषय काढला. "तू पूर्वी काम करताना बोलायचीस."

"हं." तिने दातांनी दोरा तोडला. "मामीकडे वाढले ना मी. दिवसभर राबलं तरी 'बरं केलंस' असं म्हणणारं कोणी नव्हतं. मग मीच म्हणायला लागले. लग्न झाल्यावर वाटलं, आता म्हणणारं माणूस मिळेल. तोवर आपलं आपण."

"मग?"

"मग ते हसण्यावारी गेलं. पुढे जीभच उचलेना."

"चुकलंच माझं."

"राहू द्या हो. जुनं झालं ते."

तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. तेच मास्तरांना जास्त लागलं. राग असता तर निदान समजूत घालता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्यांनी एक वाक्य जुळवलं. दुकान उघडल्यावर मुद्दाम तिच्या खुर्चीपाशी गेले. तिने नुकतंच एका कोटाचं अस्तर लावून संपवलं होतं.

"अस्तर छान बसलंय," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून असं बसलं नसतं."

तिचा हात थांबला. तिने कोट उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेक टाका तपासला.

"कुठे चुकलं?"

"अगं, चुकलं नाही. खरंच छान झालंय."

"सरळ सांगा ना. असं आडून कशाला?"

"शपथ घेऊन सांगतो, आडून नाही बोलत."

तिने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. विश्वास ठेवायची तिची इच्छा दिसत होती, पण तो ठेवायचा कसा हेच ती विसरून गेली होती. मग छोटी कात्री उचलून ती एका कोपऱ्यापासून अस्तर उसवू लागली.

  मास्तर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि उसवताना कापड फाटू नये म्हणून त्यांनी दुसरं टोक हलक्या हाताने ताणून धरलं.