मागचे पाय कोणाचे

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. माझ्या मामेसासऱ्यांच्या गाडीला मी दोन मापांचे टायर बसवले आणि चारही सारखेच आहेत असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेला लागून माझं टायरचं दुकान आहे, वीस वर्षं हाच धंदा करतो, त्यामुळे नजरचुकीनं झालं असं म्हणायलाही जागा नाही. आता सांगायला बसलोच आहे तर आधी माणूस सांगतो. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात जमिनीवर उमटलेली एकही खूण या माणसापासून लपलेली नाही. माझीही लपली नाही. फक्त ती माझी आहे, एवढंच त्यांना कळलं नाही.

बायकोचे हे सख्खे मामा, करडी गावचे. मी त्यांना मामाजीच म्हणतो. वनरक्षक होते, आणि त्यांची उभी नोकरी वाघ-बिबट्यांच्या पायांचे ठसे घेण्यात गेली. ठशावर काच ठेवायची, काचेवर पेनानं रेघ ओढायची, मग घमेल्यात कालवलेलं प्लास्टर ओतायचं आणि ते घट्ट होईपर्यंत माश्या हाकलत बाजूला बसून राहायचं. पुढे जंगलात कॅमेरे आले, ठशांचं काम कमी झालं, पाठोपाठ यांची नोकरीही संपली. पण काच आणि प्लास्टरचं पोतं घरी आलं ते आलंच. रोज संध्याकाळी अंगणात चाळणीनं बारीक माती चाळायची, खराट्यानं सारखी करायची आणि सकाळी चहाच्या आधी ती वाचायची, आपण पेपर वाचतो तशी. "दूधवाला आज उजवीकडं झुकून चालला. कॅन भारी झाली, म्हणजे पाणी वाढलं," असं ते मामीला सांगत, आणि मामी दूधवाल्याशी भांडून मोकळी होई. एकदा त्यांनी शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, "तुही बकरी लंगडून राहिली, पाहून घे." शेजारी म्हणाला, काहून जी, बकरी तर ठणठणीत आहे. तिसऱ्या दिवशी ती खरंच लंगडायला लागली. तेव्हापासून तो शेजारी यांच्या अंगणातून जाताना बगळ्यासारखा पाय उचलून उचलून जायचा.

मागच्या खोलीत लाकडी फळ्यांवर हे सगळे ठसे मांडलेले. पांढरे पंजे, रांगेनं, छतापर्यंत, आणि प्रत्येकाखाली निळ्या शाईत जागा आणि तिथी. पहिल्यांदा ती खोली दाखवली तेव्हा मामाजी कौतुकानं म्हणाले, "यातला एकही आता जिता नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण पाय आहेत." त्या खोलीत फळ्यांकडे पाठ करून मी कधी उभा राहिलो नाही. मुलगी पाहण्याचा आमचा कार्यक्रम याच घरी झाला होता. पोहे खाऊन बाहेर येतो तर मामाजी माझ्या मोटरसायकलच्या मागे उकिडवे बसलेले, मातीतल्या चाकाच्या रेघेवर काच ठेवून. लग्नानंतर बायकोनं त्यांचा निकाल सांगितला: "पोरगा बरा आहे. पण मांगचं चाक समोरच्याच्या रेघेत नाही चालत. मनात एक अन् बाहेर एक, अशी चाल आहे." मोटरसायकलचा सांगाडा जरा वाकलेला होता, दुसरं काही नाही. हा किस्सा मी चारचौघांत हसत सांगायचो.

अशा माणसाच्या दारात त्यांच्या मुलानं आणून ठेवली काय, तर शर्यतीत पळवावी अशी गाडी. मुलगा पुण्यात नोकरीला, वेगाचा शौकीन. जुनी विलायती गाडी घेतली, राखाडी रंगाची, इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांना. जोर एवढा की एक्सिलेटरला पाय लागला की पोटातला चहा पाठीला लागायचा. मग मुलाला परदेशात नोकरी मिळाली आणि गाडी करडीला आली. मामाजी आठ दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी ती अंगणातल्या चाळलेल्या मातीवरून गोल फिरवली, उतरले, पालथे पडून ठसे पाहिले आणि धूळ झटकत म्हणाले, "चारही पाय एकाच मापाचे. इमानदार जनावर आहे." तेव्हापासून गाडीचं नाव जनावर. जनावर बसलं आहे, जनावराला फिरवून आणतो, जनावर आज नाराज आहे. उभी असली की अंगावर मामीचं जुनं लुगडं. आणि चालवण्याची तऱ्हा तर काय सांगावी! खात्याची जीप चिखलात हाकून शिकलेला हात. वळण आलं की एक्सिलेटरवरचा पाय सोडायचा, गाडीची शेपटी जराशी घसरू द्यायची, म्हणजे नाक आपोआप वळतं. साठी उलटलेला माणूस हे भजन गुणगुणत करायचा, आणि मी शेजारी बसून दोन्ही हातांनी सीट धरायचो.

"भेव लागते का जवाईबापू?"

"नाही मामाजी."

"मंग डोळे कायले मिटले?"

आता थोडं टायरवाल्याच्या भाषेत लिहितो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अशा गाडीला चाकं बसवण्याच्या दोन रीती आहेत. एक, चारही एका मापाची. दुसरी, पुढची अरुंद आणि मागची रुंद. जोर मागच्या चाकांना असतो, म्हणून मागं रुंद टायर घातला की सरळ रस्त्यावर गाडी जमीन घट्ट धरते, आणि मागून पाहिली तर माजलेल्या सांडासारखी दिसते. पण तिची शेपटी मग सहजी घसरत नाही, नाक वळायला कुरकुरतं, आणि पुढची-मागची चाकं आपसांत बदलता येत नाहीत. दोन्ही रीतींत वाईट काही नाही. चालवणाऱ्याला मात्र आपल्या गाडीची रीत ठाऊक असावी लागते. हे सगळं मी मामाजींना गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाघाचा समोरचा पंजा मोठा राहते, मांगचा लहान. जंगलानं एवढ्या वर्षांत मांगचा मोठा नाही केला, तं तुमी कोण लागून गेले?" दर काही महिन्यांनी ते जनावर घेऊन दुकानात यायचे, मागची चाकं पुढे आणि पुढची मागे करून घ्यायला. माझे कारागीर हसायचे. त्यांच्याकडे न बघता मामाजी म्हणायचे, "त्यालेही समोर येऊ द्या बाप्पा. जो जनमभर मांगंच राहते ना, त्याच्या मनात काय चालू आहे ते समोरच्याले दिसत नाही."

मग एका पावसाळ्यानंतर त्या गाडीच्या रिमा खड्ड्यांनी वाकल्या, टायरही झिजले. मामाजींना चारही नवे हवे होते, अर्थात एका मापाचे. माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात रिमांसकट चार टायरांचा एक जोड पडून होता: पुढचे सव्वादोनशेचे, मागचे दोनशे पंचावन्नचे, म्हणजे रुंदीत तीन सेंटीमीटरचा फरक. ज्यानं मागवला त्यानं गाडीच विकून टाकली आणि माझा फोन उचलणं सोडलं. आठ महिने रोज सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्या चार टायरांचं. उंची चौघांची सारखीच. बाजूनं पाहणाऱ्याला फरक कळणं कठीण. मामाजी आले तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. डोळ्यांवर हिरवा चष्मा, आणि डॉक्टरनं वाकायचं नाही असं बजावलेलं. गाडीजवळ ते झेंड्याच्या काठीसारखे ताठ उभे राहिले. मी तोच जोड बसवला. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "जवाईबापू, चारही सारखेच न?"

"सारखेच, मामाजी."

त्यांचा हात पिशवीतल्या काचेकडे गेला, अर्ध्यात थांबला. "राहू द्या. जवायाच्या शब्दाले काच नाही लावत." सोबत आलेल्या शेजाऱ्यानं गाडी करडीला परत नेली.

महिन्यानं डॉक्टरनं परवानगी दिली. पहिल्याच सकाळी मामाजी जनावर घेऊन निघाले. गावाबाहेर तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध आहे, तिच्या पायथ्याशी वळण. तिथे डांबर कधीच उडून गेलंय आणि तलावाचं पाणी झिरपून माती बाराही महिने ओली. त्यांनी नेहमीसारखा पाय सोडला, शेपटी घसरायची वाट पाहिली. शेपटी घसरली नाही. मागच्या रुंद टायरांनी जमीन धरून ठेवली, नाक वळलंच नाही, आणि जनावर सरळ खाली धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरून तिच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर आदळलं. मला फोन खुद्द मामाजींचाच आला. "जवाईबापू, घरून ठशाचं पोतं अन् घमेलं घेऊन या. लवकर या, ऊन चढून राहिलं." पोचलो तर मामाजींना पाळीच्या वर आणून बसवलेलं, गुडघ्याखाली मोडलेला पाय बांबूच्या कामट्यांनी बांधलेला, मामी रडतेय, शेजारी दवाखान्यात न्यायला आणलेल्या गाडीत बसा म्हणून हात जोडतोय. "पाय मोडला, तो कुठं पळून जाते?" मामाजी त्याच्यावर ओरडले. "ठसा सुकून राहिला!"

ते बसले होते तिथून वळण दिसत नव्हतं. मी घमेलं घेऊन एकटाच खाली गेलो. मातीत स्वच्छ उमटलं होतं: पुढच्या चाकाची अरुंद पट्टी, आणि तिच्यावरून सरकलेली मागच्याची रुंद पट्टी. कोणत्याही टायरवाल्यानं उभ्या उभ्या ओळखलं असतं. माझा बूट त्या ठशापासून वीतभर अंतरावर होता. एक पाऊल सरकलो असतो तर सगळं पुसलं गेलं असतं. वरून आवाज आला, "सावकाश ओता. काठ मोडू नोका." मी सावकाश ओतलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. इतका चांगला ठसा माझ्या हातून दुसरा निघाला नसता.

पण चांगुलपणा तिथेच संपला. गाडी ओढून माझ्याच दुकानात आणली गेली, आणि त्याच संध्याकाळी मी तो जोड उतरवला, नागपूरहून चारही सव्वादोनशेचे टायर आणि रिमा आणून बसवल्या. गावानं दोष डोळ्यांना दिला. म्हातारपणी असली गाडी कायले चालवावी, असं जो तो म्हणाला, आणि मी मान हलवली.

तीन महिन्यांनी मामाजी काठी टेकत दुकानात आले. तो ठसा मामीच्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. ते जनावराभोवती फिरले, डोळे मिटून, चारही टायरांची रुंदी बोटांनी मोजत. मग ठसा मोजला. मग पुन्हा टायर. "कंप्रेसर बंद करा," म्हणाले. दुकान एकदम शांत झालं. त्या शांततेत ते हळूच म्हणाले, "समोरचे पाय माह्या जनावराचे आहेत. मांगचे नाही."

"माती पसरली असेल, मामाजी."

"माती पसरते तं काठ ढिला पडते. हा पाहा, चाकूनं कापल्यासारखा." ते माझ्याकडे पाहत होते, ऑपरेशननंतर डोळे अगदी लख्ख झाले होते त्यांचे. "दोनच गोष्टी होऊ शकतात, जवाईबापू. एक तं माहे बोटं खोटं बोलून राहिले. नाही तं त्या दिवशी माह्या मांगं दुसरंच काही चालून राहिलं होतं."

तिसरी गोष्ट त्यांना सुचली नाही. तिसऱ्या गोष्टीत मी आहे, आणि माझ्या शब्दाला त्यांनी काच लावलेली नाही.

गाडी मुलानं विकली. अंगणात आता माती चाळली जात नाही. मामी म्हणते, तेवढाच झाडायचा त्रास वाचला. शेजारी सरळ पाय टाकून जातो, दूधवाला काय वाट्टेल ते करतो. जंगलात रात्र रात्र एकटा बसलेला हा माणूस दिवसाउजेडी एकटा गल्लीत उतरत नाही. त्यातही त्यांची जुनी तऱ्हा आहेच: सोबत कोणी आलं तर त्याला पुढे चालू देत नाहीत आणि मागेही ठेवत नाहीत, बाजूला धरून चालवतात, त्यामुळे गल्लीत समोरून सायकल आली तरी तिघांची कोंडी होते. मी गेलो की मात्र त्यांचा चेहरा खुलतो. चटकन काठी उचलतात. "जवाईबापू आले, चला पाळीपर्यंत जाऊन येऊ." दाराबाहेर पडलो की ते मला थांबवतात आणि स्वतः दोन पावलं पुढे होतात.

"तुमी मांगं राहा. तुमी मांगं असले का मले भेव नाही लागत."

आणि मी मागे चालतो. पुढे त्यांची काठी, त्यांचा जरा ओढत टाकलेला पाय. पाळीपर्यंत ते एकदाही वळून पाहत नाहीत. धानाबद्दल, तलावातल्या पाण्याबद्दल, मुलाच्या फोनबद्दल बोलत राहतात. मी हुंकार देतो. वळण आलं की दोघंही गप्प होतो, ते त्यांच्या कारणानं, मी माझ्या. परतताना तसंच.

मामाजी हल्ली काही वाचत नाहीत, त्यामुळे हे लिहिलेलं आपसूक त्यांच्यापर्यंत जाणार नाही. मलाच जाऊन त्यांच्या समोर उभं राहून बोलावं लागेल, आणि ते मी अजून केलेलं नाही. तुमची बोटं खरं बोलत होती, मागे कोणी नव्हतं, ते टायर मी बसवले होते: एवढं त्यांना सांगणं माझ्याकडून बाकी आहे.