धनीबाईच्या वावरातला बोरू

दिग्रसजवळच्या तांड्यातली धनीबाईची निंदणाची टोळी आसपासच्या गावांत नामांकित होती. धनीबाई धरून अकरा बाया. पण लोकांच्या शेतातलं गवत काढता काढता धनीबाईच्या स्वतःच्या दोन एकरांची पाळी सगळ्यात शेवटी यायची, आणि तोवर कापसाची पऱ्हाटी गवतात बुडालेली असायची. घरी बैलजोडी नाही. पिकातलं गवत काढणारा भाड्याचा डवरा गावाचं आटोपल्यावरच यायचा.

२००५च्या पावसाळ्यात तिला एक गोष्ट दिसली. तिचे सासरे धावजी दोर वळण्यासाठी धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, बोरू म्हणजे ताग पेरायचे. त्यांनी कापलेला बोरू महिनाभर एका जागी आडवा पडून होता. धनीबाईनं पेंढ्या उचलल्या, तर खाली गवताची काडी नाही. माती काळी, मऊ, ओली. बाजूला मात्र गुडघाभर गवत. ती तिथंच उकिडवी बसून माती चिवडत राहिली.

"बाबा, हा बोरू पऱ्हाटीच्या मधात पेरला तं?"

"पेर नं. दोराले कामी येईन," धावजी म्हणाले.

दोर तिच्या डोक्यात नव्हताच.

कापसाच्या भावाची आणि महागड्या फवाऱ्यांची रड तेव्हा घरोघर होती. धनीबाईनं औषधांची दुकानं आधीच सोडली होती. पुढच्या जूनमध्ये तिनं नांगर-वखरही लावला नाही. काठीनं भोकं पाडून सरकी टोबली, शेणखत घातलं, आणि पऱ्हाटीच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधे खुरपीनं रेघा ओढून बोरू दाट पेरला.

बोरू असा उठला, की महिनाभरात पऱ्हाटीच्या डोक्यावर गेला. शेजारचे कास्तकार पुंडलिकराव धुऱ्यावर थांबले.

"धनीबाई, कापूस पेरला का दोर? पऱ्हाटी दिसून नाही राह्यली."

"दिसन भाऊ. आठ-दहा दिस थांबा."

म्हणाली खरी, पण बोरू बाजूला सारून पाहिलं. पऱ्हाटी खरंच पिवळी, काटकुळी झाली होती. बोरू फुलावर येईपर्यंत थांबायचा बेत तिनं तिथंच सोडला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. टोळीच्या दहाही जणी बाजार सोडून विळे घेऊन आल्या. दुपारपर्यंत एक कोपरा सोडून सगळा बोरू तासांच्या मधे आडवा पडला आणि पऱ्हाटी उन्हात मोकळी उभी राहिली.

मग पोळ्याआधी वीस दिवस पावसानं दडी मारली. धनीबाई रोज उजाडताच वावरात पळायची, बोरूचा थर उचलायची, खाली हात घालायची. ओल. रोज ओल. टोळीतल्या थोरल्या लालीबाईला सगळ्या याडी, म्हणजे आई, म्हणायच्या; एक दिवस धनीबाईनं तिचा हात धरून तिला ओढतच नेलं.

"याडी, तूच हात घालून पाह्य."

लव्हाळा तेवढा थरातून डोकं काढत होता. तो दोघींनी एका सकाळी उपटला. पोळ्याआधी आपलं वावर साफ, हे धनीबाईनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

लालीबाई मात्र खुरपी उचलत म्हणाली, "सगळ्यायनं असंच केलं तं आपल्याले निंदाले कोन बोलावन?"

दोन दिवस धनीबाईला तेच खात राहिलं.

तिसऱ्या दिवशी पुंडलिकराव स्वतः वावरात उतरले. वाकून थर उचलला, खालची माती चिमटीत घेतली.

"पुढच्या साली माह्या पाच एकरात करून देता का?"

"देतो भाऊ. पण पेरणं आमचं, कापणं आमचं, पसरणं बी आमचं. आन् टोळी अर्धी नाही बोलवाची."

"अकराच्या अकरा या," ते म्हणाले. धनीबाई तिथूनच लालीबाईच्या घराकडे पळत सुटली.

जिथं बोरू फार चढला होता, त्या तासांना बोंडं कमीच धरली. बाकीचं वावर दिवाळीपर्यंत पांढरं झालं. बोरूचा तो एक कोपरा तिनं बियाण्याला राखला होता.

पुढच्या जूनमध्ये पुंडलिकरावांच्या शेतात टोळी रांगेत उभी राहिली. धनीबाई पुढं चालत सांगत होती, "पऱ्हाटीपासून दोन वीत लांब पेरा. आन् यंदा तिच्या डोक्यावर जाऊ द्याचाच नाही, त्याआधी कापाचा."

"आन् नाही ऐकलं बोरूनं तं?" मागून लालीबाईनं विचारलं, आणि सगळ्या बाया हसत खाली वाकल्या.