गाडी शिकवली त्यांनी

माझे मालक वालूरला शिलाईचं दुकान चालवायचे. मी शेजारच्या गावात अंगणवाडीत कामाला. रोज सकाळी ते मला गाडीवर सोडायचे, मगच शटर उघडायचे.

त्यांचं पोट फुगायला लागलं, तेव्हा आम्ही गॅस समजलो. परभणीला तपासण्या झाल्या आणि लिव्हरचा कॅन्सर निघाला. दारूला कधी शिवला नव्हता माणूस! डॉक्टर म्हणाले, काविळीचा एक विषाणू वर्षानुवर्षं रक्तात दडून राहतो, त्यानंही होतो.

"साहेब, किती दिवस हायत?" त्यांनीच विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "लवकर कळलं असतं तर गाठ काढता आली असती. आता ती रक्तवाहिनीत शिरलीय. नेमकं कुणालाच सांगता येणार नाही, पण वर्षं धरून चालू नका. काही महिने."

बाहेर मी भिंतीला टेकून रडत होते. ते पाण्याची बाटली घेऊन आले.

"उद्यापासून गाडी शिक."

मला रागच आला. "आसं काय बोलायलाव तुमी?"

"मग तुला कोण सोडणार हाय?"

दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या रस्त्यावर ते माझ्यामागं बसायचे. मी एकदा गाडी थेट तुरीत घातली, तर लय हसले. परत येताना पारावरचं कुणीतरी म्हणालं, "चोरून पीत आसंल." मी गाडी थांबवायला लागले. ते मागून म्हणाले, "लोकायकडं बघू नको. समोर बघ."

पुढं त्यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. मागं बसवेना, तेव्हा लिंबाखाली बसून मला बघायचे. मी एकटी वळून आले की हात वर करायचे. शेवटी शेवटी बोलणं भरकटलं. "आई कुठं गेली?" म्हणून मलाच विचारायचे. डॉक्टरांनी सांगितलेले महिनेसुद्धा मिळाले नाहीत. एका दुपारी, घरीच, गेले.

त्यांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी एकटीच गाडीवर कामावर निघाले. दुकानासमोर बाहेरगावची एक बाई ब्लाऊजपीस घेऊन उभी होती.

"टेलर कधी येतेत हो?"

तोवर मला ते गेल्याचं कुणाला तोंडानं सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं. मी सांगितलं. ती पायरीवर मटकन बसली. मी गाडी बंद केली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.