लाइल पेट्रीचं पाणी

लाइल पेट्री अकरा वर्षांत माझ्याशी एकदाच खोटं बोलला, आणि ते खोटं माझ्याच हाताने नोंदवहीत लिहिलेलं आहे. सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. ती वही आता कोर्टाच्या कपाटात पडून आहे.

आमची बोट एक आणि देश दोन. सेंट लॉरेन्स नदीत हजारभर बेटं आहेत आणि सरहद्द त्यांच्यामधून झिंगलेल्या माणसासारखी वाट काढत जाते. एका बेटाला वळसा घातला की अमेरिका, पुढच्याला घातला की परत कॅनडा. चोरांची यात चंगळ होती. एका देशाचे पोलीस मागे लागले की रेषा ओलांडायची आणि पलीकडून हात हलवायचा. शेवटी दोन्ही सरकारांना शहाणपण सुचलं आणि एकाच बोटीत दोन्हीकडची माणसं बसवली. नियम साधा होता. बोट ज्याच्या पाण्यात, हुकूम त्याचा. लाइल अमेरिकेचा, सुकाणू त्याच्याकडे. मी रोना मॅकफी, कॅनडाची पोलीस, वही माझ्याकडे.

रेषा आली की लाइल मोठ्याने म्हणायचा, "पाणी माझं." मी म्हणायचे, "पाणी तुझं," आणि वेळ लिहायचे. परत येताना उलट. एका फेरीत हे चौदा-पंधरा वेळा व्हायचं. पहिल्याच आठवड्यात मला त्याचा वीट आला आणि मी नुसती मान डोलावली. लाइलने भर प्रवाहात इंजिन बंद केलं, डबा उघडला, डुकराच्या तळलेल्या चरबीचं आणि कच्च्या कांद्याचं त्याचं ते भयंकर सँडविच काढलं आणि निवांत खात बसला. बोट वाहत चालली होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"वाट बघतोय. मान डोलावलेली कोर्टात ऐकू येत नाही, कॅनडा."

तो मला कॅनडाच म्हणायचा, मी त्याला म्हातारा. खरं तर तेव्हा तो त्रेपन्नचा होता, पण तोंडावर नदीच्या वाऱ्याने इतक्या सुरकुत्या पाडल्या होत्या की साठीचा वाटायचा. त्याचे आजोबा दारूबंदीच्या काळात ह्याच बेटांमधून रात्रंदिवस व्हिस्की न्यायचे, आणि लाइलला त्याची जराही लाज नव्हती. उलट पोलिसांना चुकवायच्या सगळ्या वाटा आपल्याला घरातूनच मिळाल्या, असं तो ऐटीत सांगायचा. बायको इर्मा गेल्यापासून मासेमारीच्या आमिषाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा. धुक्यात सगळे यंत्रावरच्या नकाशाच्या पडद्याकडे डोळे लावून बसतात, लाइल मात्र खिडकी सरकवून एक कान बाहेर काढायचा. खडक, बोटी, बदकं, सगळं त्याला आवाजावरून कळायचं. मी आधी हसायचे. मग हसणं सोडलं.

रँडल कूप नावाचा एक तस्कर आमच्या डोक्याला ताप होऊन बसला होता. आमच्या किनाऱ्यावरून माणसं बोटीत घालायची आणि पलीकडे सोडायची, हा त्याचा धंदा. पाठलाग झाला की तो चिंध्या भरलेलं नारिंगी लाइफ जाकीट पाण्यात फेकायचा. आम्ही माणूस समजून थांबायचो आणि कूप पसार व्हायचा. दोनदा आम्ही असे फसलो. दुसऱ्या वेळी साहेबांनी मला बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं की तिसऱ्यांदा चिंध्या वाचवून आणल्यास तर बोटीवरून काढून कचेरीत टेबलावर बसवीन. ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

ऑक्टोबरमधली सकाळ होती आणि दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. कूप एका बाईला घेऊन निघालाय अशी पक्की खबर आली. आम्ही त्याला कॅनडाच्याच पाण्यात गाठलं. त्याचं इंजिन समोर गुरगुरत होतं, धुक्यात मधूनच त्याच्या बोटीचा मागचा भाग दिसत होता. रेषा जवळ येत चालली होती. तेवढ्यात त्याच्या बोटीवरून काहीतरी नारिंगी खाली गेलं.

"पाण्यात काहीतरी पडलं," लाइल म्हणाला.

"जाकीट आहे. पुढे चल."

"हे जड पडलं, रोना."

त्याआधी अकरा वर्षांत त्याने मला कधी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तेवढ्यावरून तरी मी ऐकायला हवं होतं.

"पाणी माझं आहे, लाइल. हुकूम माझा. पुढे चल."

बोट पुढे गेली. दहा सेकंदं गेली असतील. मग त्याने नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "पाणी माझं."

माझे डोळे कूपच्या बोटीवर होते. तोंडाने आपलं आपण उत्तर दिलं, "पाणी तुझं," आणि हाताने आपली आपण वेळ लिहिली. पडद्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. हजारो वेळा तो बरोबर होता, मग आज कशाला बघायचं? पेन उचललं न उचललं तोच लाइलने बोट गर्रकन मागे वळवली.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पाणी त्याचं होतं, हुकूम त्याचा होता, आणि मी नुसती ओरडू शकत होते. त्याने इंजिन बंद केलं आणि कान बाहेर काढला. मी ओरडायची थांबले, कारण त्याने हात वर केला होता. काहीच ऐकू येत नव्हतं. बोटीला लागणारं पाणी तेवढं. मला वाटलं, संपलं, कूप गेला, मी टेबलावर. मग डावीकडून कुणीतरी खोकलं.

जाकीट नारिंगी होतं, पण आत चिंध्या नव्हत्या, बाई होती. लाइलने लांब दांड्याची आकडी तिच्या जाकिटाच्या पट्ट्यात अडकवली आणि आम्ही दोघांनी तिला वर ओढलं. ओठ निळे पडले होते. तिने माझी बाही धरली ती किनाऱ्यापर्यंत सोडली नाही. येसेनिया तिचं नाव, होंडुरासची, पलीकडे बहिणीकडे निघालेली. तिला घोंगडीत गुंडाळताना माझी नजर पडद्यावर गेली. सरहद्दीची रेषा आमच्यापासून चारशे मीटर लांब होती आणि आमच्या वाटेची रेघ तिला कुठेच शिवली नव्हती. पाणी माझंच होतं, मघापासून माझंच. मी लाइलकडे पाहिलं. तो रेडिओवर त्याच्या लोकांना कूप कोणत्या खाडीत शिरेल ते सांगत होता. कूप अर्ध्या तासात तिथेच सापडला. म्हणाला, मी एकटाच मासे धरायला आलो होतो.

अमेरिकेने कूपला आमच्या ताब्यात दिलं आणि खटला आमच्या बाजूला उभा राहिला. त्याच्या वकिलाने आमची वही मागवली, यंत्रातल्या नोंदी मागवल्या, आणि सात वाजून बारा मिनिटांवर बोट ठेवलं. वही म्हणते अमेरिका, यंत्र म्हणतं कॅनडा. हे लोक लिहितात ते खोटं असेल, तर ह्यांनी सांगितलेलं खरं कशावरून? बाई आपणहून उडी मारून गेली नाही कशावरून?

लाइलच्या निवृत्तीला तेव्हा सात आठवडे राहिले होते. आमच्या नदीवर रीत आहे. सुकाणूवरचा माणूस शेवटची फेरी करतो तेव्हा दोन्ही काठांवरच्या सगळ्या बोटी भोंगे वाजवतात. लाइल वरून कितीही कुरकुरला तरी त्या फेरीसाठी त्याने नवी टोपी आणून ठेवली होती, हे मला माहीत होतं.

खटल्याच्या आदल्या दुपारी आम्ही पुलाखालच्या खानावळीत बसलो. त्याने सफरचंदाचा केक मागवला आणि त्याला हातही लावला नाही.

"मी खोटं बोललो ते मी सांगणार," तो म्हणाला. "तू एवढंच सांग की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्याआधी तू काय म्हणालीस ते कुणी ऐकलेलं नाही."

"तू ऐकलंयस."

"माझे कान म्हातारे झालेत."

दुसऱ्या दिवशी साक्ष आधी माझी होती. वकिलाने विचारलं, "त्या वेळी खरा हुकूम कुणाचा होता?"

"माझा."

"मग बोट वळवायला तुम्ही सांगितलंत?"

एक 'हो' पुरे होतं. हो म्हटलं असतं की नोंद धुक्यात चुकली, एवढ्यावर भागलं असतं. लाइललाही मग तेच म्हणावं लागलं असतं, आणि माझ्यासाठी तो म्हणाला असता. त्याची फेरी वाचली असती, माझी अब्रू वाचली असती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. ती जुनीच टोपी होती.

"नाही," मी म्हणाले. "मी पुढे जायला सांगितलं. तो म्हणाला काहीतरी जड पडलंय, आणि मी म्हणाले पुढे चल. मग तो खोटं बोलला, म्हणून ती बाई जिवंत आहे."

वकिलाने पुढे बरंच विचारलं, पण त्यात दम राहिला नव्हता. स्वतःच्या तोंडाला काळं फासणारी साक्ष खोटी आहे असं ज्यूरीला पटवणं अवघड होतं. येसेनियाने कूपकडे बोट दाखवून त्याने कसं ढकललं ते सांगितलं. कूपला आठ वर्षांची कैद झाली. लाइलला दुसऱ्याच दिवशी सुकाणूवरून उतरवलं. मला टेबल मिळालं. शेवटची फेरी झाली नाही आणि भोंगेही वाजले नाहीत.

मे महिन्यात मासे धरायवरची बंदी उठली तशी लाइलने मला त्याच्या पत्र्याच्या छोट्या बोटीत बोलावलं. पडदा नाही, रेडिओ नाही, वही नाही. दोघांना पुरतील एवढी ती सँडविचं मात्र होती. दोन बेटांच्या मधे आलो आणि तो सवयीने म्हणाला, "पाणी माझं."

माझं तोंड उघडलं होतं. तरी मी आधी उजवीकडे वळून पाहिलं. काठावरचा सरहद्दीचा पांढरा खांब मागे गेला होता. तो बरोबर होता.

"पाणी तुझं," मी म्हणाले.

मी वळून पाहिलं ते त्याने बघितलं होतं. तो थोडा वेळ इंजिनाशी उगीच खुडबुड करत बसला.

"बरं केलंस, कॅनडा," तो म्हणाला.

पूर्वीसारखं न बघताच उत्तर द्यायला हवं होतं, असं मला फार वाटलं. पण तो खरं बोलला होता आणि मी त्याला तपासून पाहिलं होतं. मी सँडविच हातात घेतलं आणि कांद्याने डोळ्यांत पाणी आलं असं त्याला सांगितलं.