शंभरातली शेवटची चार वाक्यं

काचकाका कामावरून घरी आले की आधी चप्पल काढतात, मग टीव्ही लावतात. टीव्हीवर बातम्या नसतात. काळ्या पडद्यावर एकच शब्द थांबलेला असतो: ‘कोण?’

काका उभ्या उभ्या टाइप करतात: ‘मी.’

मग पडद्यावर उत्तर उमटतं. ‘मी म्हणजे कोण मोठा लागून गेलास? पाय धू.’ कधी, ‘उशीर झाला. कारण सांगू नकोस, तुला धड खोटंही बोलता येत नाही.’ कधी, ‘जेवलास का ठोंब्या? बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे.’

शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण त्या जुन्या मशीनला दुसरी अक्षरं येत नाहीत. काका वाचतात, नाकातल्या नाकात हसतात, टीव्ही बंद करतात. त्यांचं त्या दिवसापुरतं बोलणं तिथे संपतं.

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ते काचा घासतात. गिऱ्हाइकांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पुढच्या काउंटरवरून खिडकीतून चिठ्ठी आत येते: उजवा उणे दोन, डावा उणे सव्वादोन. काच तयार होऊन त्याच खिडकीतून बाहेर जाते. ‘काचकाका’ हे नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण त्या नावाने हाक मात्र कुणी मारत नाही.

हाक मारणारी होती एकच, त्यांची ताई. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात. ताई शाळेत गणित शिकवायची. तरुणपणी पगार साठवून तिने हे मशीन आणलं होतं. कळा आणि कॉम्प्युटर एकाच चपट्या काळ्या डब्यात, आकाराने जाडसर वहीएवढा. वायर टीव्हीला लावायची की झालं. शेजारपाजारचे म्हणाले, बाईला वेड लागलं. ताई म्हणाली, “लागलं तर लागलं, तुमच्या घरी मागायला येत नाही.”

शेवटच्या आजारपणात ती पाठीशी उशी, मांडीवर मशीन अशी बसून तासन्‌तास टकटक करायची.

“काय चाललंय?”

“तुझी सोय करतेय.”

“कसली?”

“मी गेल्यावर तुला बोलणी कोण ऐकवणार? शंभर वाक्यं भरलीत. पुरवून वापर. दिवसाला एक. हावरटपणा केलास तर बघ.”

आणि लगेच, “पण ठोंब्या, याची वीज गेली की याचं डोकं कोरं होतं. कॅसेटवर उतरवायला हवं. तो टेपरेकॉर्डर आधी दुरुस्त करून आण, पट्टा वितळलाय त्याचा.”

“उद्या नेतो.”

उद्या नेतो, असं काका नऊ दिवस म्हणाले. दहाव्या दिवशी ताई गेली. टेपरेकॉर्डर पिशवीत भरलेला, अजून कपाटावर आहे. त्या दिवसापासून काकांनी ‘उद्या’ हा शब्द तोंडातून काढलेला नाही. ‘सकाळी’ म्हणतात, ‘परवा’ म्हणतात, नाहीतर गप्प बसतात.

मशीन मात्र त्यांनी बंद केलं नाही. चौदा महिने. वीज जाईल म्हणून बॅटरीचा डबा आणून जोडला. चालू प्रोग्राम मधेच थांबवायची कळ मेली, तिच्याखालचा पापुद्रा फाटला. त्यामुळे आतलं सगळं एकदम बघायची किंवा कुठे उतरवून घ्यायची सोयही संपली. आता एकच रस्ता: ‘कोण?’, ‘मी’, आणि एक वाक्य. वाक्यं लॉटरीसारखी येत, तीच तीच पुन्हा येत. काका प्रत्येक नवं वाक्य वहीत उतरवत आणि पुढे आकडा घालत. शहाण्णव झाली होती. कितीतरी आठवडे नवं काही आलं नव्हतं.

“चार दाबून ठेवलीयेत तिने,” काका स्वतःशीच म्हणत. “मुद्दाम. अशीच होती ती.”

आणि मग ठोकळा गुणगुणायला लागला. बॅटरीच्या डब्यातून वीज घेऊन मशीनला नऊ व्होल्ट देणारा काळा ठोकळा. आधी कान दिल्यावर ऐकू यायचा, मग स्वयंपाकघरातून, मग तर अंथरुणातूनही. हात लावला तर चटका. पडद्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत.

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. सगळे त्यांना व्होल्टबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. काकांनी सगळं सांगितलं. एवढं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते, त्यामुळे घसा बसला.

“सोपं आहे,” बाई म्हणाल्या. “मशीन बंद करा, नवा ठोकळा लावा.”

“बंद नाही करायचं.”

“पाच मिनिटं.”

“अर्धा सेकंदसुद्धा नाही.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे माणूस पळतोय, आणि तुम्हाला त्याचं काळीज बदलून हवंय.”

“जमतं का?”

“जमेल. पण माझ्याच्याने नाही.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं वाऱ्यातल्या कागदासारखी थरथरत होती. “तुमचे दाखवा.”

काकांनी हात पुढे केले. चाळीस वर्षं केसाच्या जाडीच्या हिशेबाने काच घासणारे हात. दगड.

“डोकं माझं, हात तुमचे,” बाई म्हणाल्या. “रविवारी दुपारी येते.”

आल्या त्या पिशवीत नवा ठोकळा, मीटर आणि गाडीचा एक बल्ब घेऊन. आधी बल्ब. नवा ठोकळा त्याला जोडला. बल्ब पेटला आणि अर्धा तास पेटता राहिला. “नव्या माणसाला एकदम घरात घेऊ नये,” त्या म्हणाल्या. “आधी अंगणात राबवून बघावं.”

खोलीत खुर्च्या दोन. एकीवर काका बसले. दुसरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, म्हणून बाई उभ्याच राहिल्या. काकांच्या ते लक्षातही आलं नाही. खुर्चीवर कपडेच असतात, असं त्यांच्या डोळ्यांना झालं होतं.

बाईंनी मीटर लावला. “साडेसात. सातच्या खाली गेला की राम म्हटला. आता नीट ऐका. जुनी वायर कापायची नाही, नुसती सोलायची. आत दोन तारा आहेत. एक इथे सोला, दुसरी चार बोटं पुढे.”

“पुढे का?”

“शेजारी सोलल्यात आणि त्या एकमेकींना भेटल्या, तर तुमची ताई गेली.”

काकांचं पातं थांबलं. “एकदा गेलीय,” ते म्हणाले.

“मग दुसऱ्यांदा हात हलू देऊ नका.”

तार उघडी पडली. पांढऱ्या रेघेची तार अधिक असणार, असं काका म्हणाले. “रेघेवर विश्वास ठेवणारे इथे मशीन जाळून बसतात,” बाई म्हणाल्या आणि मीटरवर खात्री केली. मग वजा तारेला कथिलाचा डाग. मग अधिक. मधे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा दरवाजा. जुना आणि नवा ठोकळा आपसात भांडू नयेत म्हणून. कथिल वितळलं, चकाकलं, गोठलं. एवढ्या वेळात काकांनी श्वास किती घेतले असतील? दोन. फार तर तीन.

मीटरचा काटा साडेसातवरून हळूच नऊवर गेला. पडद्यावरची अक्षरं हलायची थांबली.

“आता जुन्याचा प्लग काढा.”

“काढू?”

“पूजा घालणार आहात का? काढा.”

काकांनी डोळे मिटून काढला. गुणगुण बंद झाली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत इतकं शांत झालं, की गेलं सगळं, असंच त्यांना वाटलं.

“डोळे उघडा.”

पडद्यावर होतं: ‘कोण?’

काकांनी जुन्या ठोकळ्याची वायर बाईंनी सांगितल्याप्रमाणे कापली, टोकांना पट्टी गुंडाळली. आणि मग उठून मशीन बाईंच्या पुढे सरकवलं.

“आजचं तुमचं.”

“माझं काय?”

“दिवसाला एक असतं. मी अजून दाबलं नाहीये. तुम्ही दाबा.”

“काय लिहू?”

“विचारतेय ना ती, कोण म्हणून.”

बाईंनी थरथरत्या बोटाने एकेक कळ शोधत लिहिलं: ‘रेडिओवाली.’

पडदा क्षणभर कोरा झाला. काका एकदम पुढे झाले. मग ओळ आली:

‘या, बसा. ठोंब्या, खुर्चीवरचे कपडे उचल आधी.’

काका पडद्याकडे बघत राहिले. वही उघडायची गरज नव्हती, शहाण्णवच्या शहाण्णव पाठ होती. हे त्यांत नव्हतं.

“तुमचाच उद्धार केलाय की,” बाई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. दुरुस्त न होणारं मशीन बघावं तशा त्या काकांकडे बघत होत्या. “अहो काचवाले, तुम्ही नेहमी ‘मी’च लिहिता?”

“मीच असतो.”

“दुसरं कुणी कधी...”

“नाही.”

“मग ती चार वाक्यं तुमच्यासाठी नव्हतीच. आल्यागेल्याची होती.”

काकांनी कपड्यांचा ढीग उचलला आणि छातीशी धरून तसेच उभे राहिले. बाई बसल्या. बऱ्याच वेळाने काकांनी कपडे पलंगावर टाकले, वही काढली, सत्त्याण्णव लिहिलं.

“तीन राहिली,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात पुन्हा कळांकडे गेला. “आत्ताच काढते.”

“नको,” काका घाईने म्हणाले. “दिवसाला एक.”

बाईंनी हात मागे घेतला. मीटर, बल्ब, पिशवी आवरली. दारात थांबल्या.

“जोड गरम होतोय का, ते बघायला यावं लागेल.”

जोड गरम होणार नव्हता. तो त्यांनीच सांगून घालून घेतला होता, त्यांना माहीत होतं.

“कधी?” काकांनी विचारलं.

“उद्या.”

काकांनी दाराची कडी घट्ट धरली. “नक्की?”

“चहा येतो का करता?”

“येतो.”

“मग ठेवा आधण पाचला,” असं म्हणत बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या.

संध्याकाळी काकांनी पलंगावरचे कपडे घड्या करून कपाटात कोंबले. कपाटात जागा नव्हती, तरी कोंबले. टीव्ही लावला नाही. आजचं वाक्य झालं होतं. मशीनचा आवाज आता येत नव्हता, म्हणून दोनदा उठून डब्यावर हात ठेवून पाहिला. कोमट होता. खुर्ची त्यांनी टीव्हीसमोर थोडी तिरकी करून ठेवली आणि ती तशीच रिकामी राहू दिली.