वॉरंटी फाडणारे दादा

नवी वस्तू हातात आली की दादा आधी वॉरंटीचं स्टिकर फाडायचे. मी बीडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर होतो. तिथं त्यांनी नवा हँडसेट घेतला, नखानं स्टिकर खरवडलं आणि माझ्याकडेच स्क्रूड्रायव्हर मागितला. बिघडला तर परत घेणार नाहीत, म्हणालो. ते म्हणाले, "बिघडला तरी आपलाच हाय, न बिघडला तरी आपलाच." आमचे मालक त्यांना मागून 'फाड्या' म्हणत.

दादा बीडजवळच्या पालीचे. इंजिनियर झालेले आणि पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेले. मी शिरूर कासारकडचा. आईबापाबरोबर ऊसतोडीला जाता जाता माझी शाळा सातवीतच सुटली. त्या दिवशी मी एका म्हातारीला फोन कसा उचलायचा ते समजावत होतो. दादा हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. मग विचारलं, "माझ्या मशीनमधे असंच बोलशील का?"

त्यांचं मशीन ऊसतोडीला गेलेल्या माणसांना फोन करायचं. घरात कुणाला दुखणंखुपणं आहे का, असं विचारायचं. समोरचा सांगेल ते रेकॉर्ड व्हायचं, आणि ते ऐकून आमची माणसं जवळच्या दवाखान्याची गाडी उसाच्या फडावर पाठवायची. विचारणारा आवाज माझा. "राम राम. जेवलात का?" ही सुरुवात दादांनीच ठरवली होती.

पुढं दादांच्या कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला गेलं आणि मीही गेलो. मला ना कानडी येत होती ना इंग्रजी. लिफ्टमध्ये कुणी काही विचारेल या भीतीनं मी पाच मजले जिन्यानं चढायचो. दर सोमवारी वाटायचं, आज हे बंद पडणार आणि आपण परत फडावर. एकदा दादांना तसं बोललो. ते हसले. "पडू दे बंद. तुला अन् मला कोयता धरता येतो. बाकीच्यांचं अवघड हाय." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मग एक मोठी संस्था आली. सगळा हंगाम ती आमच्या फोनचा खर्च उचलणार होती. ती नाही म्हणाली तर ऑफिसला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची अट एकच होती, आवाज बदला. हा गावंढळ वाटतो, शिकलेल्या बाईचा घ्या. मी दादांना बाजूला घेऊन हात जोडले. बदला आवाज, मी चहा करीन, फरशी पुसीन. त्यांनी माझं ऐकलं नाही. संस्थेच्या पाहुण्यांना म्हणाले, दोन्ही आवाजांचे फोन आत्ता, तुमच्यासमोर फडावर लावून बघू.

स्पीकरवर आधी बाईंचा आवाज लागला. "नमस्कार, आपल्या आरोग्यविषयक तक्रारीसाठी..." समोरच्यानं फोन ठेवला. दुसऱ्यानंही ठेवला. मग माझा आवाज लागला. मी कोपऱ्यात खुर्चीची कड धरून बसलो होतो.

"राम राम. जेवलात का?"

पलीकडं उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू आली. एक बाई म्हणाली, "न्हाई बाबा अजून. तू जेवलास का?"

आणि ती उत्तराची वाट बघत थांबली. मशीनला उत्तर येत नव्हतं. मला येत होतं. मग मशीननं पुढचा प्रश्न विचारला, आणि तिनं सांगितलं की पोरगी दोन दिवस तापानं फणफणलीय, पाचटाच्या कोपीत एकलीच पडून हाय.

पाहुणे पुढं काय म्हणतात ते ऐकायला दादा थांबले नाहीत. आधी गाडी पाठवायला धावले. पोरगी वाचली, आणि संस्थाही राहिली.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, दादा, तुम्हाला भेव कसं वाटत नाही? ते स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवत सांगू लागले.

"मी बारा वर्षांचा होतो. माय फडावर आजारी पडली. बापानं दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला, तर मशीनमधली बाई पुस्तकातलं बोलाया लागली. बाप म्हनला, बाई लई शिकलेली हाय, आपल्याला रागावतीय. भेऊन त्यानं फोन ठिवला. परत लावलाच न्हाई." मग म्हणाले, "माय गेली. मला भेव रोजच वाटतंय, बे. पण भेऊन ठिवायचं न्हाई, एवढंच."

आता दादा इथं नाहीत. कंपनी दुसऱ्यांच्या हवाली करून ते काहीतरी नवीनच जुळवायला गेलेत. ते चालेल की नाही, याची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त. जाताना त्यांनी मला नवा फोन दिला. त्याचं स्टिकर मी अजून फाडलेलं नाही. तेवढी छाती माझी नाही. माझा आवाज मात्र अजून फडाफडांवर फिरतोय, आणि त्याला कोण काय विचारत असेल, हे जेवताना रोज मनात येतं.

अनोळखी नंबर दिसला की वाटतं, कोण असेल, कुठल्या भाषेत बोलेल. तरी उचलतो. आणि पलीकडचं कुणी बोलायच्या आत सांगून टाकतो, "जेवलो. तुमी जेवलात का?"