येळवशीची पायपीट

माझी धाकटी जाऊ चालायला लागली की रस्ता आखूड होतो, असं आमच्या राणीसावरगावात म्हणतात. मला पटत नाही. रस्ता तेवढाच असतो. लोक तिच्याकडं बघता बघता अंतर विसरतात. माझ्याकडं बघून कुणी काही विसरल्याचं मला तरी आठवत नाही.

दिवाळी झाली की गावातली बरीच माणसं ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरं, म्हणजे मी शिकवते त्या वर्गातलीही कितीतरी, तेवढे महिने गंगाखेडच्या एका वसतिगृहात राहतात. तिथं धान्य कमी पडायलंय असं कानावर आलं. तेव्हा गंगाखेडपर्यंत पायी जायचं आणि वाटेत लोक देतील ती ज्वारी, तूर मागच्या टेम्पोत भरून न्यायची, ही कल्पना माझी. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मांडली. दुसऱ्या दिवशी गावभर काय झालं? "धाकल्या वहिनींनी काय डोकं चालवलं!" कारण एवढंच की तिनं त्याच पहाटेपासून पांढरे बूट घालून फेऱ्या सुरू केल्या होत्या. कल्पना कुणाला दिसत नाही, बूट दिसतात.

त्याच घडीला मी ठरवलं. माझी लेकरं बघत असताना वसतिगृहाच्या फाटकातून मी आधी आत शिरणार, आणि धाकटी टेम्पोत पोत्यांवर बसून मागनं येणार. पिठाच्या गिरणीवर हे जाहीरही करून टाकलं. म्हणजे आता इज्जतीचा सवाल झाला.

ती उजाडायच्या आत वेशीबाहेर जाऊन यायची आणि सासूबाई ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "हरणावानी चालती माय!" मी कशावानी चालते हे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मी तयारी लपूनछपून केली. चौथीच्या पोरांना पाढे म्हणायला लावायचे आणि बाकांमधून येरझाऱ्या घालायच्या. सतराच्या पाढ्याला येईतो फरशी झिजून खालची काळी माती दिसायला लागली. पोरांना वाटलं बाई चिडल्यात. पाढे असे पाठ झाले की शाळेमागच्या शेळ्यासुद्धा चुकलेल्या पोराला दुरुस्त करायच्या.

राहिला दिवस. धाकटी नाशिककडची. कॅलेंडर बघून म्हणाली, "अक्का, या अमावस्येला शाळेला सुट्टी आहे. तेव्हाच जाऊ या ना."

ती अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी आमच्याकडं घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि तिथंच जेवतात. बांधावरून जाणाऱ्याला, मग तो वैरी का असेना, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. बचत गटाच्या बायका ओरडल्याच, "अवो बाई, येळवशीला कोन चालतंय?" मी म्हणाले, "उलट बरं. सगळे रस्त्याकडंला सापडतील, घरोघर फिरायला नको." पोटातला डाव वेगळा होता. ज्वारीच्या पिठाच्या, ताकातल्या आंबिलीचा तांब्या रिचवला की चांगला गडी जागेवर आडवा होतो. चिमणीएवढं खाणारी धाकटी कुठवर टिकणार?

निघालो तेव्हा मोठा घोळका होता. पहिल्याच शेतात एकीची नणंद निघाली, पुढच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, शाळेतल्या गुरुजींचे मेव्हणे. जो आत गेला तो परत आला नाही. उन्हं चढेपर्यंत रस्त्यावर उरलो आम्ही दोघी जावा आणि मागं टेम्पोवाला मामा.

"बाई, कुठं निघालाव? या की!" माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईनं बांधावरून हाक मारली.

"उशीर व्हायलाय गं."

"येळवशीला आमच्या बांधावरून उपाशी जाताव व्हय?"

मी गालात हसत धाकटीकडं बघितलं. तिनं शांतपणे हात जोडले. "माझा अमावस्येचा उपवास आहे."

उपवास! आमच्या घरात एकादशीलाही हिच्या ताटातली पोळी चुकत नाही!

"बगा की, लेकरांसाठी उपाशीपोटी चालायली! बाई, मंग तिच्या वाटचं तुमी खावा."

खाल्लं. बाजरीचे वाफवलेले उंडे, पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी, खीर, वर आंबील. दर आखाड्यावर दोघींचं खाल्लं. जिथं मी जेवले तिथलं धान्य टेम्पोत चढलं, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. टेम्पो भरत गेला, मीही भरत गेले. आंबील पोटात अशी हिंदकळायची की कालव्याला पाणी सुटलं समजून गुरं माना वर करायची. उरलंसुरलं बायकांनी माझ्या पिशवीत कोंबलं. धाकटी पुढं पुढं जात रस्त्यावरचा पांढरा ठिपका झाली.

"बाई, बसा की पुढं," मामा म्हणाला. "कोन बघायलंय?"

"मामा, हा टेम्पो विमान झाला तरी मी बसायची नाही."

साखर कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं तेव्हा धाकटी एका पुलाच्या कठड्यावर बसलेली दिसली. मला इतका आनंद झाला की पाय आपोआप उचलले.

"अक्का, कुणाला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "उपवास वगैरे काही नाही. ते एवढाले उंडे बघून घाबरले आणि बोलून गेले. आता डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

मी पिशवी सोडली. मायेनं नव्हे, हे आताच सांगून ठेवते. उंडा कुस्करला, भज्जी घातली, आंबिलीची बाटली हातात दिली. बूट काढून मांडी घालून ती जेवली, आणि जेवता जेवताच तिचे डोळे मिटले.

"उठवू का?" मामानं विचारलं.

"नको. थकलीय बिचारी." असं म्हणून मी जी सुटले ती सुटलेच. वाटेत एका मोटारसायकलवाल्यानं मला बाजू दिली.

फाटक समोर आलं आणि मागं पावलं वाजली. धाकटी! पाय सुजून बूट चढेनात, म्हणून ते खांद्याला अडकवून बाई खडीवरून अनवाणी पळत आलेली. मी उडी मारून आत शिरले. पहिली! स्पष्ट पहिली! पण सगळे बघत होते तिच्या पायांकडं.

"अगं बया, अनवाणी!" वसतिगृहाच्या बाई धावल्या.

"अन् सकाळधरनं उपाशी," टेम्पो फाटकाबाहेर लावून आलेल्या मामानं भर घातली. मघाशी पुलावर ती जेवली तेव्हा तो झोपला होता की काय!

पोरींनी परातीत कोमट पाणी आणलं, तिचे पाय त्यात ठेवले. मी बाजूला उभी. शेवटी माझ्या वर्गातल्या एका पोरीला दया आली. पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत ती म्हणाली, "बाई, तुमी टेम्पोत बसून आलाव व्हय?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. "टेम्पोत? अगं, टेम्पो तर सकाळीच बंद पडला. धान्यासकट ढकलत आणला मी."

मामानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की ते मिटलं. पोरं मात्र हुशार. ती परातीकडं वळली. "काकू, खरं का?"

धाकटीनं वर बघितलं. तिच्या हनुवटीवर आंबिलीचा ओघळ वाळला होता. मी माझी हनुवटी पुसली. तिनं घाईनं तिची पुसली.

"खरंच," ती म्हणाली. "चढावर मामांनी हात जोडले, अक्का, सोडा आता. तर ह्या म्हणाल्या, आतली ज्वारी लेकरांची आहे. आणि पदर खोचून एका खांद्यानं असा रेटा दिला की टेम्पो पुढं आणि मामा मागं पळत."

परात सोडून सगळी पोरं माझ्याभोवती जमली. कुणी दंड चाचपला, कुणी खांदा. सगळं गंगाखेड मला हवं तसं माझ्याकडं बघत होतं, आणि मी परातीकडं बघत होते. ते पदर खोचणं, ते मामाचं मागं पळणं, मला का नाही सुचलं?